आईचा पाळणा

"बाबा, घरच्या टीव्हीवर आईचा पाळणा लागतो ना?"

"लागतो की! सकाळीच ऐकला."

म्हणजे मिरजेतला सर्व्हर ठणठणीत होता. मागच्या वर्षी गेलेल्या आईचं, बाबांनी फोनवर टिपलेलं गाणं त्यातच होतं. ड्रेस्डेनमध्ये गार्गीच्या लेकीचं बारसं तासाभरावर आलं होतं. इथून मात्र सर्व्हर सापडत नव्हता. गार्गी घाबरली नाही. घरात चालतं, बाहेरून नाही. म्हणजे अडथळा राउटरपाशीच असणार.

"काल नवा राउटर बसवला ना? जुना कुठंय?"

"नव्यालाच जोडलाय की. चालती वस्तू कशाला काढायची?"

गार्गी हसली. सर्व्हर अजून जुन्यालाच जोडलेला होता. तिची हाक नव्यापाशीच थांबत होती. तिने बाबांना सर्व्हरची वायर नव्यात घालायला लावली, नव्या राउटरच्या ॲपमधून सर्व्हरपर्यंतची वाट मोकळी केली.

पाळणा सुरू झाला. दुसऱ्या कडव्यात आई थांबली. "अहो, फोन हलवू नका!"

"नाही हलवत गं," मिरजेहून बाबा म्हणाले.