बुडाला भोक नको

दत्तप्रसाद बुटांसकट होडीत चढला आणि म्हाताऱ्या होडीवाल्यानं मान फिरवली.

मागून संपत आला, तो बूट काठावर काढून. होडीला हात लावून त्यानं तो कपाळाला टेकवला आणि मगच पाय आत टाकला. दत्तप्रसादला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिंजवडीत चाळीस इंजिनिअरांचा साहेब, पण होडीत पायताण चालत नाही एवढी अक्कल नव्हती. त्यानं गुपचूप बूट काढले.

मासे दाखवणारं यंत्र त्यानं अमेरिकेहून हौसेनं आणलं होतं. रविवारी खडकवासल्याला निघताना संपतला बरोबर घेतलं, त्यालाही कारण होतं. अमेरिकेच्या एका जागेसाठी दोन नावं उरली होती. त्यातलं एक संपतचं होतं, आणि ते संपतलाही ठाऊक होतं.

"सर, पुढच्या काठाला चांगल्या होड्या मिळतील," संपत दोनदा म्हणाला होता. पण पुणेकराला पुढे जा म्हटलं, की तो हटकून तिथेच थांबतो.

यंत्राचा साबणाच्या वडीएवढा डोळा होडीच्या मागे, पाण्याखाली राहील असा बसवायचा होता. दत्तप्रसादनं ड्रिल काढलं.

"बुडाला भोक नगं, सायेब," म्हातारा म्हणाला.

दत्तप्रसाद पुन्हा ओशाळला.

"मामा, एखादी फळी आहे का?" संपतनं मान वर न करता विचारलं.

"हाय की, सायेब."

संपतनं डोळा फळीवर स्क्रूनं बसवला आणि फळी मागच्या काठाला दोरीनं आवळली. गाठ अशी बसली, की म्हातारा बघतच राहिला. संपतचे कान मात्र लाल झाले होते. बिचाऱ्याला आपल्या साहेबाचीच लाज वाटत असणार, असं दत्तप्रसादला वाटलं. वडील नाहीत, असं संपतनं मुलाखतीत सांगितलं होतं. बापाविना वाढलेला पोरगा, पण हात किती तयार!

होडी पाण्यात गेली, पडद्यावर मासे दिसले आणि दत्तप्रसादचं ठरलं.

"संपत, अमेरिकेला तूच जायचंस. हातानं काम करायची लाज नसलेला माणूस मला हवाय."

संपत वाकून फळीची दोरी उगाच पुन्हा आवळू लागला.

"लई लांब आसंल न्हवं?" म्हाताऱ्यानं विचारलं. "किती दिसांसाठी?"

"तीन वर्षं, मामा," दत्तप्रसाद म्हणाला.

म्हाताऱ्यानं वल्हं आडवं ठेवलं आणि संपतकडे पाहिलं.

"जायच्या आदी घरला येऊन जा, बाळा. आईला तरी आई म्हन."