सासऱ्यांना सांगितलेला पगार

बायकोला इकडे आणायचं तर माझा पगार व्हिसाच्या अटीत बसायला हवा, आणि तो बसत नव्हता. म्हणून सहा महिने मी गोदामात शनिवार-रविवारच्याही पाळ्या केल्या. "तुझा पगार तर भरपूर आहे, मग अडलंय कुठे?" असं ती विचारायची, तेव्हा मी व्हिसा ऑफिसच्या नावाने खडे फोडायचो. कारण लग्न ठरताना तिच्या बाबांना मी पगार दुप्पट सांगितला होता.

शेवटी अर्ज तिलाच भरायचा होता, म्हणून पगाराच्या स्लिपा पाठवाव्याच लागल्या. "तेव्हा जरा वाढवून सांगितलं होतं," मी फोनवर कबूल केलं.

"माहीत आहे. बाबांनी तेव्हाच निम्मा धरला होता," ती म्हणाली. "तू कधी कबूल करतोस, तेच बघत होते."



"आणि तू किती धरला होतास?" मी विचारलं.

"मी तर पावच धरला होता, तरी हो म्हटलं ना."