पायावर पाणी

खल्फानने पायरीपुढे उकिडवं बसून बोटाने तिच्यावरची फरशी दाबली. ती डुगडुगली.

"यही है?"

"हां, यही," जितेश म्हणाला. "दो बार मेसेज किया था आपको."

पूर्वा दारात फडकं घेऊन उभी होती. सकाळपासून तिने ती पायरी तीनदा पुसली होती. पायरी ओली नव्हतीच.

खल्फान गुडघ्यावर हात टेकत उठला. सत्तरीचा ओमानी म्हातारा. माबेल्यातलं हे घर त्याचं आणि खालचा मजला यांच्याकडे भाड्याने. "मेसेज देखा था मैंने," तो म्हणाला. "बोला, ईद के बाद करेगा. अब बच्ची मेरे दरवाजे पे गिरी. मेहमान थी. जिम्मा मेरा है. कल पुलिस स्टेशन जाके लिख के देगा."

"आपको जेल..." पूर्वा म्हणायला लागली.

"जो अल्लाह को मंजूर."

तो गेल्यावर जितेशने दार लावलं.

"म्हातारा चांगला आहे अरे," ती म्हणाली.

"चांगला आहे, पण मालक आहे. फरशी त्याची, दुरुस्ती त्याची. आपण लेखी कळवलंय."

"आणि पाणी?"

"पाण्याचं कोणी विचारलंय का? नाही ना? मग खलास. तू तोंड उघडलंस तर निष्काळजीपणा तुझ्या नावावर लागेल. आपल्या आकांक्षाला मी एकटा सांभाळू?"

बारा दिवसांपूर्वी सुगंधा तान्ह्या मुलीला घेऊन पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती. तिचा नवरा रमण आणि जितेश एकाच वर्कशॉपात कामाला, तेवढीच काय ती ओळख. पण सुगंधाच्या आईचा व्हिसा झाला नाही, सासू आजारी. बाळंतपणाला मायेचं कोणीच नाही. चाळीस दिवस ती वादी अदाई भागातल्या दोन खोल्यांत एकटी होती. पूर्वाच म्हणाली होती, सव्वा महिना झाला की माझ्याकडे ये. हेच तुझं माहेर.

आणि माहेर म्हटल्यावर तिने सगळं रीतसर केलं. भाकरतुकडा. तांब्याभर पाणी. रमण गाडी लावायला गेला होता, जितेश आत होता. सुगंधाने पायरीवर चढल्या चढल्या बाळ पुढे केलं. "घे गं हिला. आधी घे."

"थांब गं बाई! एवढी काय घाई? माहेरवाशिणीला असंच आत घेऊ?"

पूर्वाने हसत हसत भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग खाली वाकून सुगंधाच्या पायांवर पाणी घातलं.

आवाज फार मोठा झाला नाही. पिठाची पिशवी ओट्यावर ठेवावी, एवढाच. तिने वर पाहिलं तेव्हा सुगंधा पायरीवर बसलेली होती आणि बाळ खाली सिमेंटवर होतं.

सुगंधाला खरचटलंसुद्धा नाही. देवाची कृपा, असं सगळे म्हणाले. बाळाच्या कवटीला तडा गेला. नऊ दिवसांनी हॉस्पिटलातून घरी सोडलं. जीव वाचला, एका कानाचं मात्र डॉक्टर अजून काही सांगत नव्हते.

तेव्हापासून पूर्वा हातातली कुठलीही वस्तू सरळ खाली ठेवू शकत नव्हती. आधी टेकवायची, मग सोडायची. तरी भर दुपारी, घरात कोणी नसताना, तो आवाज यायचा. मग ती फडकं घेऊन पायरीकडे धावायची.

"मम्मा, स्टेप ड्राय आहे," आकांक्षा म्हणायची. "तू व्हाय पुसते?"

दुसऱ्या दिवशी आकांक्षाला शाळेत सोडून पूर्वा टॅक्सीत बसली. खल्फान दुपारच्या नमाजानंतर पोलिसांकडे जाणार होता. त्याआधी सुगंधाला सांगायचं, मग स्वतः स्टेशनवर. जितेशला फोन करायचाच नाही. तो अडवेल आणि आपण अडू, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सुगंधाचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतल्या खोलीत बाळ रडत होतं. पलंगाच्या मधोमध, चारी बाजूंनी उशा. सुगंधा बाहेरच्या खोलीत पार पलीकडच्या भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. उठली नाही.

पूर्वाने बाळाला उचलून आणलं. डोक्यावरच्या पट्टीला धक्का लागू नये म्हणून तिने हात मानेखाली धरला.

"बरं झालं आलीस," सुगंधा म्हणाली. "रमण येईपर्यंत थांबशील?"

"किती वाजता येतो?"

"सातला."

तिने बाळाकडे पाहिलं नाही. पूर्वाकडेही नाही. तिला सगळं माहीत आहे, पूर्वाला वाटलं. म्हणूनच ती तोंड बघत नाही.

"सुगंधा, ऐक. खल्फान आज सगळं स्वतःवर घेतोय. ती फरशी हलते, खरंय. पण गेलं वर्षभर आम्ही तिच्यावरून जातो-येतो, कोणी पडलं नाही. त्या दिवशी मी पाणी घातलं. गुळगुळीत फरशीवर, तुझ्या हातात बाळ असताना. मी आत्ता पोलिसांकडे निघालेय. तू मला माफ कर, असं मी म्हणत नाही. फक्त आधी तुला कळावं म्हणून..."

बाळ तिच्या खांद्यावर गप्प झालं होतं. खाली रस्त्यावर पाण्याच्या टँकरचा हॉर्न वाजला.

"पोलिसांनी मलाही विचारलं होतं," सुगंधा म्हणाली. "मी सांगितलं, फरशी हलली."

"माझ्यासाठी खोटं बोललीस?"

"तुझ्यासाठी नाही."

सुगंधाने पहिल्यांदा मान वर केली.

"मी घसरलेच नव्हते, पूर्वा. तू खाली वाकली होतीस, कोणी बघत नव्हतं. मी हात उघडले, आणि मग सावकाश पायरीवर बसले."