पुढची दोन चाकं

लाल मारुती एस्टीम गॅरेजच्या आवारात वीस-पंचवीस पावलं गेली. पप्पूनं ब्रेक दाबला, पण गाडी ऐकूच न आल्यासारखी पुढं जाऊन जुन्या टायरांच्या ढिगात घुसली. टायर होते म्हणून नवा रंग वाचला.

"ब्रेक उद्या बघू म्हणत हुतो मी," चिमाजी मिस्त्री म्हणाला. "पण तुला कुठला दम."

दम निघत नव्हता हे खरंच. पप्पू कामाला सुरतेला गेल्यापासून नऊ वर्षं ही गाडी हिर्डोशीच्या गोठ्यात म्हशीशेजारी उभी होती. एके काळी ती वरंध्याच्या घाटाला लागली की तिच्या आवाजानं आधी वाडीतली कुत्री भुंकायची आणि मग गाडी दिसायची. यंदा पप्पू सुरतेहून महिन्याची रजा काढून आला तो तिला पुन्हा तशीच करायची असं ठरवूनच. टेम्पोत घालून तिला कामथडीला चिमाजीकडे आणली, इंजिन खोललं, सडलेला पत्रा कापून नवा लावला, रंग दिला. आज आईला मुद्दाम बघायला आणलं होतं. अंबूबाई सावलीला प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती.

चिमाजीनं जॅक लावून पुढचं चाक काढलं. आत ब्रेकची डिस्क होती, जेवायच्या ताटाएवढी. त्यानं तिच्यावरून बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला.

"तेल हाय. आणि गाडीचं न्हाई, खायचं. शेंगतेल."

दुसरं चाक काढलं. तिथंही तेच.

"हे सांडल्यालं न्हाई, पप्पू. कुणीतरी बोटांनी फिरवून लावलंय."

कुणीतरी म्हटल्यावर पप्पूला नाव शोधायला लांब जावं लागलं नाही. भावकीत ते तयारच असतं. गोठा चुलतभावाबरोबर सामाईक, आणि किल्लीही त्याच्याच खुंटीला.

"सोमनाथ," तो म्हणाला. "घाटात आसतो तर दरीत गेलो आसतो मी. आज सोडत न्हाई त्याला."

त्यानं तिथंच फोन लावला. लागला नाही. हिर्डोशीत रेंज म्हणजे देवळाच्या टेकाडावर चढेल त्याची. "कवातरी लागंलच की," असं म्हणून तो फोन हातात धरूनच येरझाऱ्या घालू लागला.

अंबूबाई खुर्चीतून हे सगळं ऐकत होती. आठ दिवसांनी पप्पू सुरतेला जाणार. ती मात्र हिर्डोशीतच राहणार, सोमनाथच्या भिंतीला भिंत लावून. तिच्या बीपीच्या गोळ्या भोरहून तोच आणतो. एसटी चुकली तर मोटारसायकलवर दवाखान्यात तोच नेतो. पोरानं एकदा तोंड सोडलं की ते दार कायमचं लागलं. आणि खरं सांगावं, तर त्यानं तीन आठवडे घाम गाळून उभी केलेली गाडी आईनंच बिघडवली असं होणार. इकडं आड, तिकडं विहीर. ती खुर्चीचा हात धरून उठली.

"सोमनाथला काय बोलू नगंस. तेल म्या लावलंय."

पप्पू थांबला.

"खंडेनवमीला लावते मी, दसऱ्याच्या आदल्या दिशी. कोयत्याला, खुरप्याला, फाळाला लावते तसंच. वापरात नसल्यालं लोखंड तेल लावून ठिवावं, न्हाई तर गंज खातो. तुज्या गाडीचं तेवढंच लोखंड उघडं दिसलं मला." ती जरा घुटमळली. "माझ्यानं चाक निघंना. ते सोमनाथ काढून द्यायचा. गोठ्यात अंधार, म्हून उजेडाला बॅटरी बी तोच धरायचा."

"किती येळा लावलंस?"

"तू गेल्यापासनं दर साली. नऊ येळा झालं."

पप्पूनं फोन खिशात टाकला. या नऊ वर्षांत तो कुणाच्या लग्नाला आला होता, दोनदा उन्हाळ्यात आला होता. दसऱ्याला एकदाही नाही. हे आई कधी बोलली नव्हती, आणि आताही बोलली नाही. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चिमाजी मात्र आपलं काम करत होता. त्यानं पेट्रोलमध्ये फडकं बुडवून डिस्क पुसली, पुन्हा पुसली, आणि बराच वेळ तिच्याकडं बघत राहिला.

"हितं ये," तो म्हणाला. "ब्रेक पॅड गेलं. तेल प्यालंत. त्ये पुण्याला मिळत्यात, उद्या बदलू. पण ही डिस्क बघ. जपानहून मागवल्याली तुजी. आता बनत बी न्हाई. गाडीचा पत्रा चाळणी झालता, आणि हिच्यावर गंजाचा ठिपका न्हाई. ही गेली आसती तर घाटात चालवायसारखी गाडी ऱ्हायली नसती."

अंबूबाईला यातलं निम्मंच कळलं.

"म्हंजी बिघडली न्हाई ना?" तिनं विचारलं.

"न्हाई, काकू. तुमीच राखली तिला."

पप्पू खाली बसला आणि डिस्कवरून बोट फिरवू लागला, कडेकडेनं, सावकाश.

तेवढ्यात फोन वाजला. सोमनाथ. अंबूबाई पुन्हा खुर्चीत बसली. पप्पूनं दोनदा वाजू दिला, मग उचलला. टेकाडावर वारा असावा, कारण सोमनाथ ओरडूनच बोलत होता.

"खाली घरी हुतो रं. तुजा मिसकॉल दिसला. काकी बरी हाय नव्हं?"

पप्पूनं आईकडं बघितलं.

"बरी हाय," तो म्हणाला. आणि मग, "सोमनाथ, औंदा खंडेनवमी कवा हाय रं?"