मंगळवार, तीन ते सहा

‘पायऱ्या उंच आहेत,’ काका म्हणाले. ‘म्हातारी माणसं येणार. गुडघे धरतील.’

आर्किटेक्ट बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. या पायऱ्या त्यांनी महिन्यात तिसऱ्यांदा बदलल्या होत्या. ‘साडेपाच इंचांवर आणल्यात, काका. आणखी खाली आणल्या तर त्यांना पायऱ्या म्हणायचं की रस्ता, ते आधी ठरवू.’

समितीतले सगळे हसले. काकाही हसले, पण जरा उशिरा.

वाचनालयाच्या माडीवर दर मंगळवारी तीन ते सहा ही बैठक भरत असे. शहराबाहेरच्या टेकडीवर ध्यानकेंद्र उभं करायचं होतं. चाळीस जणांचा ध्यानकक्ष, राहायच्या खोल्या आणि पायथ्याच्या वस्तीसाठी एक लहानसा दवाखाना. काका पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. उतार, निचरा, टाक्या यातलं त्यांना कळतं म्हणून त्यांना समितीत घेतलं होतं. चार वर्षांत त्यांनी इतक्या हरकती काढल्या की त्यांचं नावच हरकतकाका पडलं. संडास ध्यानकक्षाला फार चिकटून आहेत. टाकी चुकीच्या बाजूला आहे. खिडक्या पश्चिमेला, बसणाऱ्यांच्या डोळ्यांवर ऊन येईल. हरकत खोटी कधीच नसे. फक्त एका मंगळवारी एकच निघे.

का, ते त्यांचं त्यांना ठाऊक होतं.

चार वर्षांपूर्वी काकूंच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. तेव्हापासून काकांनी सगळं अंगावर घेतलं. कामाला बाई ठेवली नाही. अंग पुसणं, भरवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं. रेडिओ कधी लावायचा, पडदा किती सारायचा, हे काकूंना विचारायचीही गरज उरली नव्हती. त्यांचं वाक्य अडलं की काका ते पुरं करत. लोक म्हणत, असा नवरा मिळायला नशीब लागतं. ते ऐकलं की काकांना शर्टाचं वरचं बटण काढावंसं वाटे.

मंगळवारी शेजारच्या नर्सबाई लक्ष ठेवत. त्या तीन तासांत काका माणसात येत. ध्यानाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. तो नकाशा पुरा होऊ नये, एवढंच वाटे, आणि असं वाटतं याची लाजही वाटे. सहानंतर ते घरी परतत तेव्हा काकूंचा चेहरा टवटवीत दिसे. आपण आलो म्हणून ही खुलली, या विचाराने ते आणखीच ओशाळत.

‘आणखी काही?’ केंद्र चालवणार असलेल्या भन्तेंनी विचारलं.

काकांनी नकाशावरून बोट फिरवलं. टाकी जागेवर होती. खिडक्या उत्तरेला होत्या. निचरा बरोबर होता. त्यांच्या एकेका हरकतीने नकाशा इतका नीटस झाला होता की आता त्यात नखभरही चूक सापडेना. त्यांनी पुन्हा एकदा बोट फिरवलं.

‘हरकत नाही,’ ते म्हणाले.

टाळ्या पडल्या. सह्या झाल्या. पुढच्या मंगळवारपासून बैठक नाही, असं चिटणीसांनी वहीत लिहिलं.

‘पाया खणण्याआधी टेकडीवर तंबू टाकून दहा दिवसांचं शिबिर घेतोय,’ भन्ते म्हणाले. ‘येत्या सोमवारपासून. तुम्ही या.’

दहा दिवस. काकांच्या छातीत काहीतरी हललं. त्यांनी ते तिथल्या तिथे दाबलं.

‘नाही जमायचं. ती माझ्यावाचून एक दिवस राहायची नाही.’

‘त्यांना विचारलंत?’

‘त्यात विचारायचं काय, भन्ते?’

घरी पोचले तर नर्सबाई आपल्याच दारात खुर्ची टाकून विणत बसलेल्या. तुम्ही आत नाही का बसलात, असं काका विचारणार होते. ‘हाक मारली तर ऐकू येतं मला इथून,’ त्याच म्हणाल्या आणि लोकर गोळा करू लागल्या.

काकू उशीला टेकून खिडकीबाहेर बघत होत्या. काका पलंगाच्या कडेला बसले.

‘नकाशा मंजूर झाला.’

‘मग?’

‘मग काय, बैठका संपल्या. आता मंगळवारीही मी घरातच.’ काकूंना बरं वाटावं म्हणून ते हसून म्हणाले. ‘दहा दिवस शिबिराला बोलावत होते. मी साफ नाही म्हटलं.’

काकूंचा चेहरा उतरला. बघता बघता डोळे भरून आले. काका हबकले. इतकी वर्षं लपवलेलं हिने ओळखलं की काय, असं त्यांना वाटलं. त्यांनी पुसायला रुमाल पुढे केला. काकूंनी डाव्या हाताने तो बाजूला सारला.

‘चार वर्षं,’ त्या म्हणाल्या. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. ‘दर मंगळवारी… मी वाट…’

‘माझी वाट बघतेस. माहीत आहे मला.’

काकूंनी नकारार्थी मान हलवली. काका पुढे काही बोलणार, तोच त्यांनी डावा हात वर करून त्यांना थांबवलं. जीभ वळेपर्यंत बराच वेळ गेला.

‘तुमच्या जाण्याची,’ त्या म्हणाल्या. ‘अहो, जा ना. दहा दिवस जा.’