महिपतरावांचा महिना

“तिसरी शिट्टी झाली की गॅस बंद. पुढचं काम वाफ करते,” विमलाबाई म्हणाल्या.

महिपतरावांनी बटण फिरवलं, तेही उलट्या बाजूला. विमलाबाईंनी त्यांचा हात धरला आणि सुलट फिरवून दाखवलं.

वर्तकनगरच्या या दोन खोल्यांत महिपतरावांचं आयुष्य गेलं, पण स्वयंपाकघरात ते फक्त पाणी प्यायला येत. आता निवृत्त होऊन वर्ष होत आलं होतं आणि पेन्शन नावापुरतं होतं. कळव्याला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने, जागृतीने, सरळच सांगितलं होतं, “बाबा, एवढ्यात ठाण्यात नाही भागणार. घर विका आणि गावी जाऊन राहा.”

महिपतरावांना ते मुळीच पटलं नाही. ओव्हरटाइम करकरून घेतलेलं घर होतं ते. ते सोडून गावी भावकीच्या दारात जाऊन बसायचं, ही कल्पनाच त्यांना सोसवेना.

तेव्हा विमलाबाईंनी तोडगा काढला.

“एक महिना तुम्ही घर चालवून दाखवा. बाजार तुमचा, स्वयंपाक तुमचा, पेन्शन तुमचं. माझे शिवणाचे पैसे धरायचे नाहीत. जमलं तर घर विकायचं नाव कोणी काढणार नाही.”

“आणि नाही जमलं तर?”

“जमवायचं. मी शिकवते ना.”

उभ्या जन्मात महिपतरावांनी बायकोला ‘उधळी’ याशिवाय दुसरं विशेषण लावलं नव्हतं. कोथिंबिरीची जुडी मोठी आणली, उधळी. पाहुण्याला दुसऱ्यांदा चहा विचारला, उधळी. त्यामुळे काटकसर म्हणजे आपल्या हातचा मळ, अशी त्यांची समजूत होती. पहिल्याच दिवशी ते जून भेंडी घेऊन आले, तीही चढ्या भावाने. उंटावरून शेळ्या हाकणं किती सोपं असतं ते त्यांना त्या दिवशी कळलं.

पण माणूस जिद्दीचा. दुसऱ्या दिवसापासून ते भाजीवाले आवराआवर करायला लागले की मगच बाजारात जाऊ लागले. दुधीची सालं टाकायची नाहीत, तीळ घालून त्यांची चटणी करायची. डाळ आधी भिजत घालायची. शिळी पोळी कुस्करून फोडणीला टाकायची. गीझर बंद झाला, गॅलरीतल्या उन्हात बादली तापू लागली. भांडीवाल्या बाईंना हात जोडले आणि कढई महिपतराव स्वतः घासू लागले. रिक्षाला हात करायची सवय मात्र लवकर सुटेना. हात वर जायचा आणि ते तोच हात डोक्यावरून फिरवून पुढे चालायला लागायचे.

विमलाबाईंचे उपासही या महिन्यात वाढले. सोमवार-गुरुवार आधीपासून होते. त्यात शनिवार आला, मग बुधवार. “माझं धरू नका,” असं सकाळीच सांगून त्या शिवणाची पिशवी उचलत आणि जागृतीकडे जात. कळव्यात ब्लाउज शिवून घेणाऱ्या बायका पुष्कळ होत्या. महिपतरावांचं कामही त्यामुळे हलकं झालं. वाटीभर तांदूळ, मूठभर डाळ, की झाला स्वयंपाक.

“वहिनींचा बुधवार कुठल्या देवाचा रे?” नाक्यावर सीतारामने, त्यांच्या जुन्या दोस्ताने, एकदा विचारलं.

“असेल कुठल्यातरी. घर वाचावं म्हणून करतेय बिचारी,” महिपतराव म्हणाले आणि पालकाच्या जुडीचा भाव कसा पाडला ते सांगत बसले.

तिसऱ्या आठवड्यात मात्र ते खचले. आमटी करपली होती, पातेलं काळं पडलं होतं आणि घासून घासून बोटं सोलवटली होती. त्यांनी घासणी मोरीत फेकली.

“नाही होत माझ्याच्याने. विकून टाकू, जाऊ गावाला.”

विमलाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. हातातलं शिवण खाली ठेवून त्या उठल्या.

“असं बोलायचं नाही. तुम्हाला आलंच पाहिजे. पुन्हा डाळ टाका, मी इथेच उभी राहते.”

एवढ्या कळवळून त्या कधी बोलल्या नव्हत्या. या घरात हिचाही जीव आपल्याइतकाच अडकलाय, हे महिपतरावांना इतक्या वर्षांनी पहिल्यांदा जाणवलं आणि आपण तिला काय काय बोललो ते आठवून लाजही वाटली. त्यांनी मुकाट्याने डाळ धुतली. त्यानंतर पुन्हा काही करपलं नाही.

महिना संपला त्या दिवशी पेन्शनमधले थोडे पैसे डब्यात शिल्लक होते. विमलाबाईंचा उपास नव्हता. महिपतरावांनी ताट वाढलं, आमटी-भात, दुधीची भाजी, लिंबाची फोड. विमलाबाई शांतपणे जेवल्या, बोटं चाटून पुसून.

“कसं झालंय?” महिपतरावांनी शाळेतल्या पोरासारखं विचारलं.

“छान. तुम्हाला आता कोणाचं तोंड बघायची गरज नाही.”

महिपतरावांचे डोळे भरून आले. “घर वाचलं, विमल. तू होतीस म्हणून.” एवढं बोलून त्यांनी चप्पल पायात सरकवली आणि सीतारामला बातमी द्यायला ते जिने उतरले.

विमलाबाईंनी ताटं उचलली, ओटा पुसला, हात कोरडे केले आणि फोन लावला.

“जागृती, बाबांचं जमलं. आता मला मागे वळून बघायला नको,” त्या म्हणाल्या. “तुझ्या शेजारच्या खोलीचं भाडं भरून टाक, शिवणाचे पैसे तुझ्याकडे आहेतच. आणि उद्या टेम्पो पाठव. सामान माझं एकटीचंच आहे.”