आइसलंडहून आलेलं उत्तर

“तू माणूस आहेस की कम्प्युटर?” माझ्या मैत्रिणी शॅनन आणि संपदा म्हणाल्या, “हिंमत असेल तर विचार!” म्हणून आमच्या एव्हरशाईन वस्तीतल्या सायबर कॅफेत मी हा प्रश्न टाइप केला. इंटरनेटवर आइसलंडचा कुणीतरी माझ्याशी बुद्धिबळ खेळत होता. मी जाम खूश होते. घरी बाबा लाडाने मुद्दाम हरतात. सोसायटीतली पोरं हरली की “मुलगी म्हणून सोडलं” म्हणतात. मला खरंच खेळता येतं का, कळणार कसं? याला मात्र मी मुलगी आहे हेच माहीत नव्हतं! मी घोडा घुसवला. त्याचा वजीर अडकला. त्याने डाव सोडला. उत्तर आलं, “माणूस. पण हेच मी तुला विचारणार होतो!” मी सायकल दामटत घर गाठलं. “आई, बाबा, जिल्हा स्पर्धेत मी नाव देतेय. मुलींच्या गटात नाही, खुल्या गटात!”